नोहाचे सात नियम आणि आपलं देवघर

ज्यू धर्म दुसऱ्याला ज्यू व्हायला सांगत नाही. कुणी आपणहून दाराशी आलाच तर त्याला आधी विचारावं, ‘आज इस्राएलचे लोक हालात आहेत, छळ सोसताहेत, हे ठाऊक नाही का तुला?’ अशी तालमूदची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहाची, सूचना आहे. ज्यांच्या ग्रंथांतून पुढे दोन मोठे धर्म उभे राहिले आणि जगभर पसरले, त्या ज्यूंनी गेली कित्येक शतकं तरी जगाला आपल्यासारखं करून टाकायचा ध्यास घेतलेला नाही. मग उरलेल्या माणसांचं काय? त्यांनी कसं वागावं? त्यांच्यातला चांगला माणूस देवाच्या दारी कुठे उभा राहतो? ज्यू परंपरेने या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे ‘नोहाच्या लेकरांचे सात नियम’.

हे उत्तर मला माणसाच्या नैतिक विचारातली फार मोठी झेप वाटतं. तरीही आज काही मंडळी ते जसंच्या तसं साऱ्या मानवजातीचा पाया म्हणून पुढे करतात, तेव्हा त्याला नकार दिला पाहिजे असंही मला तितक्याच ठामपणे वाटतं. मी मूर्तिपूजक घरात वाढलेला माणूस आहे. या सात नियमांत माझ्याबद्दल, माझ्या आजीबद्दल, तिच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाबद्दल काहीतरी म्हटलेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही.

गोष्ट बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातली, महापुराची आहे. पाणी ओसरल्यावर नोहा मुला-सुनांसह तारवातून बाहेर येतो आणि देव आकाशात इंद्रधनुष्य ठेवून करार करतो, की असा प्रलय पुन्हा आणणार नाही. हा करार ज्यूंशी नाही. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम अजून जन्मलेला नाही; मोशे आणि जिथे त्याला देवाचे नियम मिळाले तो सिनाय पर्वत तर फार पुढचे. करार आहे तो पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांशी, आणि मजकुरात स्पष्ट म्हटल्याप्रमाणे सगळ्या जिवांशी. त्याच अध्यायात दोन बंधनं येतात. मांस खा, पण त्यात जीव, म्हणजे रक्त, असताना खाऊ नका. आणि जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाच्या हातून सांडलं जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे.

या एवढ्याशा धाग्यावरून राब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, सात नियमांचं वस्त्र विणलं. न्यायालयं उभारा, ईशनिंदा करू नका, मूर्तिपूजा करू नका, निषिद्ध शरीरसंबंध ठेवू नका, खून करू नका, चोरी करू नका, जिवंत जनावराचा अवयव तोडून खाऊ नका. तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या तोसेफ्ता या ग्रंथात ही यादी आहे. बॅबिलोनी तालमूदच्या सनहेद्रीन प्रकरणात छप्पन्नाव्या पानापासून पुढे तिच्यावर रीतसर वाद रंगलेला आहे. राब्बी योखानान तर हे सातही नियम देवाने आदामला एदेन बागेत सांगितलेल्या एकाच वाक्यातून, एकेक शब्द सुटा करून काढून दाखवतात. आज वाचताना ही ओढाताण वाटते, पण तिच्यामागची तळमळ ओळखू येते. माणूस म्हणून जन्मला त्या दिवसापासून माणसाला काही नियम बांधून आहेत, ते कुठल्या एका जमातीच्या पर्वतावर पहिल्यांदा उतरले नाहीत, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. सातातला एक नियम जनावरासाठी राखलेला आहे, याचं तर मला दर वेळी अप्रूप वाटतं. मांस खायची मोकळीक दिलेली असतानाही जिवंत प्राण्याच्या यातनेला हे लोक खून आणि चोरीच्या पंगतीत बसवतात.

यातलं मोठेपण नीट पाहायला हवं. तोसेफ्तात दोन राब्बींचा वाद आहे. राब्बी एलिएझर म्हणतात, परक्या राष्ट्रांतल्या कुणालाही परलोकात वाटा नाही. राब्बी यहोशुआ त्यांना अडवतात आणि म्हणतात, राष्ट्राराष्ट्रांत सज्जन आहेत, त्यांना वाटा आहे. परंपरेने पुढे यहोशुआंचं म्हणणं स्वीकारलं. ‘चर्चबाहेर तारण नाही’ ही शिकवण ज्या युरोपात शतकानुशतकं दिली गेली, त्याच युरोपात अर्धपोटी, वस्तीबंद जगणारे ज्यू विद्यार्थी हे वाक्य घोकत होते. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या जुन्या संहितेत, तर याहून पुढचं आहे. देवाने सुरुवातीला एकच माणूस का घडवला? ‘माझा बाप तुझ्या बापाहून थोर’ असं पुढे कुणी कुणाला म्हणू नये म्हणून. जन्मावरून उच्चनीच ठरवणाऱ्या समाजात आपण वाढलो आहोत. आपल्याला या एका उत्तराचं मोल वेगळं सांगायला नको.

सातांपैकी सहा नियम ‘करू नका’ सांगतात. ‘करा’ म्हणणारा नियम एकच, न्यायालयं उभारण्याचा. माझ्या मते सगळ्या यादीचा कणा तोच आहे. वाईट वागू नका, एवढं कुठलाही साधू सांगतो. पण अन्याय झाला तर दाद मागायला जागा असलीच पाहिजे, ती नसेल तर सगळा समाज दोषी, हे म्हणणं वेगळ्या तोलामोलाचं आहे. इथे नीती एकट्या माणसाच्या अंतःकरणातून बाहेर पडून गावाच्या चावडीवर येते.

पण याच नियमाचा अर्थ लावताना परंपरेतली दोन मोठी माणसं समोरासमोर उभी राहिली. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची मुलगी दीना हिच्यावर शखेम नावाचा राजपुत्र बळजबरी करतो. तिचे भाऊ शिमोन आणि लेवी कपटाने त्या नगरातले सगळे पुरुष कापून काढतात. गुन्हा एकाचा, मग सगळं नगर का मारलं? बाराव्या शतकातले थोर धर्मशास्त्री मायमोनिडीज उत्तर देतात, की नगरवासीयांनी राजपुत्राचा गुन्हा पाहिला, तो त्यांना ठाऊक होता, तरी त्यांनी त्याला न्यायासनासमोर उभं केलं नाही. म्हणजे न्यायालयाचा नियम मोडला, म्हणून सगळे मृत्युदंडाला पात्र. पुढच्या शतकात स्पेनमधले नाखमानिडीज हे उत्तर साफ फेटाळतात. ते म्हणतात, असं असतं तर याकोबाने स्वतःच पुढे होऊन तलवार उचलायला हवी होती; मग तो मुलांवर संतापला का, आणि मरताना त्यांच्या क्रोधाला शाप का दिला? नाखमानिडीजच्या मते न्यायाचा नियम म्हणजे नुसते न्यायाधीश नेमणं नव्हे. चोरी, फसवणूक, मजुराची बुडवलेली मजुरी, उसनवारी, खरेदी-विक्री या सगळ्याचा कायदा त्यात येतो. आणि जे करायला सांगितलं ते केलं नाही, एवढ्यावरून कुणाचा जीव घेता येत नाही.

मी या वादात नाखमानिडीजच्या बाजूने आहे, आणि नुसता आवडीपोटी नाही. सगळ्या मानवजातीसाठी नियम सांगणाऱ्या प्रत्येक विचारापुढे ही फाट्याची जागा येते. ‘तुमच्याकडे न्याय नाही’ हे वाक्य दोन तऱ्हांनी म्हणता येतं. मजुराला मजुरी मिळवून देण्यासाठी म्हणता येतं, आणि त्याचं नगर बेचिराख करण्यासाठीही. साम्राज्यांनी दुसरी तऱ्हा किती वेळा वापरली, ते आपल्याला पाठ आहे. तेराव्या शतकातला एक राब्बी आपल्याच पूर्वजांच्या रक्तपाताचं समर्थन नाकारतो आणि तेही आपल्याच सर्वांत मोठ्या शास्त्रकाराच्या विरोधात जाऊन, ही गोष्ट मला यादीतल्या सातही नियमांइतकीच महत्त्वाची वाटते.

आता जिथे मला अडतं तिथे येतो.

पहिली अडचण पुराव्याची. ज्यू माणसावर देहदंडाचा आरोप असेल तर तालमूदच्या कायद्यात तेवीस न्यायाधीश लागतात, दोन साक्षीदार लागतात, गुन्ह्याआधी त्याला ताकीद दिलेली असावी लागते. सात वर्षांत एकदा फाशी देणाऱ्या न्यायसभेला मिश्ना ‘घातकी’ म्हणते. एक राब्बी म्हणतात, सात कशाला, सत्तर वर्षांत एकदा दिली तरी घातकीच. माणसाचा जीव घेण्याबद्दल इतका संकोच मी दुसऱ्या कुठल्या प्राचीन कायद्यात वाचलेला नाही. पण नोहाच्या लेकराला, म्हणजे तुम्हाआम्हाला, तोच कायदा एका न्यायाधीशापुढे, एका साक्षीदाराच्या तोंडी, ताकीद नसताना दोषी ठरवू देतो. नियम सगळ्यांना सांगितले, संकोच मात्र आपल्या माणसांपुरता राखला. हे कलम बॅबिलोनमध्ये पारशी राजांच्या अंमलाखाली राहणाऱ्या, कुणालाही सुळी देण्याचं बळ नसलेल्या लोकांनी लिहिलं, हे मी विसरत नाही. ती ग्रंथातली चर्चा होती आणि ग्रंथातच राहिली. तरी विचार म्हणून तपासताना ती विषमता झाकून चालणार नाही. निषिद्ध संबंधांच्या यादीत पुरुषा-पुरुषातला संबंधही येतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञान माणसांच्या संमतीने होणारा असा संबंध गुन्ह्यातून बाहेर काढला. मी त्या निकालाच्या बाजूचा आहे. इथे माझा आणि यादीचा मेळ बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही मी करणार नाही.

दुसरी अडचण ‘का’ या प्रश्नाची. मायमोनिडीज लिहितात, जो परका माणूस हे सात नियम ‘देवाने तोरामध्ये (मोशेच्या धर्मग्रंथात) मोशेकरवी सांगितले’ म्हणून पाळतो तो सज्जनांत गणला जाईल, त्याला परलोकात वाटा मिळेल. पण जो ते निव्वळ आपल्या बुद्धीला पटले म्हणून पाळतो, तो सज्जनांत मोडत नाही. त्यापुढच्या शब्दांत पाठभेद आहे. छापील प्रतींत ‘आणि शहाण्यांतही नाही’ असं येतं, तर काही हस्तलिखितांत ‘शहाण्यांत मात्र मोडतो’ असं. अठराव्या शतकात बर्लिनचे ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सॉन या ओळींनी अस्वस्थ झाले. १७७३ साली त्यांनी राब्बी याकोब एम्डेन यांना पत्र लिहून विचारलं, की मग सूर्याच्या उगवतीपासून मावळतीपर्यंत राहणारी, आपल्या ग्रंथाचं नावही न ऐकलेली सगळी माणसं खड्ड्यात जायची का? त्याआधी १७६९ मध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्यांना जाहीरपणे बाप्तिस्म्याचं आव्हान दिलं, तेव्हा मेंडेल्सॉननी उत्तर दिलं होतं, की माझ्या काळात कुणी कन्फ्यूशियस किंवा सोलोन जिवंत असता, तर माझ्या धर्माच्या शिकवणुकीप्रमाणेच मी त्या थोर माणसावर प्रेम करू शकलो असतो, त्याला धर्मांतर करायला लावण्याचा विचार न शिवता. हे उत्तर नोहाच्या नियमांच्या बळावरच दिलेलं होतं.

मेंडेल्सॉनच्या पत्राला एम्डेननी त्यांना हवा तसा दुजोरा दिला नाही. पण त्या पत्रातला प्रश्न मला रास्त वाटतो. ज्याने चोरी केली नाही, कारण चोरलेल्या धान्यावाचून शेजाऱ्याची मुलं उपाशी राहतील हे त्याला दिसलं, त्याच्या सज्जनपणात नेमकं काय कमी पडलं? नियम सगळ्यांचे असतील तर ते पटण्याची वाटही सगळ्यांना मोकळी हवी. एकच दरवाजा, तोही एका ग्रंथाचा, असेल तर त्याला सार्वत्रिक म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तो या अडचणीतून वाट काढूनच. मसुद्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले रने कासँ हे फ्रेंच ज्यू होते आणि नात्यातली अनेक माणसं त्यांनी नाझींच्या छळात गमावली होती. पहिल्या कलमातला ‘पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ असं करवून घेतलं ते मुंबईच्या राजकारणात वावरलेल्या हंसा मेहतांनी. या माणसांनी ‘काय’ यावर एकमत केलं आणि ‘का’ प्रत्येकाच्या श्रद्धेवर सोडलं. मला हीच वाट खरी वाटते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी: मूर्तिपूजा.

याच्याबद्दल बोलताना तालमूदमधल्या एका माणसाची ओळख करून द्यायलाच हवी. त्याचं नाव दामा बेन नतिना. राहणार अश्कलोनचा, ज्यू नव्हे. आईवडिलांचा मान किती राखावा, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा राब्बी एलिएझर म्हणाले, अश्कलोनला जा आणि त्या परक्या माणसाने काय केलं ते पाहा. हे तेच एलिएझर, परक्यांना परलोकात वाटा नाही म्हणणारे. जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहिताच्या वस्त्रासाठी रत्नं हवी होती, म्हणून सौदा करायला माणसं दामाकडे आली. नफा सहा लाखांचा. पण पेटीची किल्ली झोपलेल्या वडिलांच्या उशाखाली होती. दामाने वडिलांना उठवलं नाही, सौदा गेला. पुढच्या वर्षी त्याच्या कळपात लाल कालवड जन्मली. शुद्धीच्या विधीसाठी अशी कालवड लागते आणि ती सहसा मिळत नाही. पुन्हा माणसं आली. दामा म्हणाला, मला माहीत आहे, जगातला सगळा पैसा मागितला तरी तुम्ही द्याल. पण वडिलांच्या मानापायी जेवढं गमावलं तेवढंच मागतो.

आईवडिलांचा मान राखणं हा सात नियमांत नाही. म्हणजे यादीत नसलेल्या सद्गुणाचा आदर्श ज्यू पंडितांनी यादीतल्या माणसाकडून घेतला. याहून पुढची गोष्ट जेरुसलेमच्या तालमूदमध्ये आहे. दामाचे वडील ज्या दगडावर बसत त्यावर तो कधी बसला नाही, आणि वडील गेल्यावर त्याने तो दगडच आपलं दैवत केला. म्हणजे हा माणूस सरळसरळ पाषाणपूजक होता. परंपरेने ते लपवलं नाही, आणि तरीही त्याला आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवलं. त्याच चर्चेत राब्बी हनिना म्हणतात खरे, की आज्ञा असताना करणारा हा आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा मोठा. पण ती पुढची टिप्पणी झाली. शिष्यांना पाहायला पाठवलं ते दामाकडेच.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्याकडचे उंबरठ्यावरचे, शेतबांधावरचे शेंदूर लावलेले दगड आठवले. ते पुजणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं, ते बाहेरून कुणी ठरवू शकत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्यां गावी मेनाखेम मेइरी नावाचे राब्बी होऊन गेले. त्यांनी एक धाडसी भूमिका घेतली. तालमूद ज्या मूर्तिपूजकांबद्दल कठोरपणे बोलतो ते कसलीच मर्यादा नसलेले प्राचीन लोक होते. जे समाज आपापल्या धर्माच्या शिस्तीने बांधलेले आहेत, जिथे दुष्कृत्याला धरबंध आहे, त्यांना ते नियम लागू नाहीत. मेइरींच्या नजरेसमोर ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी होते. हिंदू असण्याचं कारण नव्हतं. पण कसोटी त्यांनी बदलली, हे महत्त्वाचं. माणूस कुणापुढे हात जोडतो यापेक्षा शेजाऱ्याशी कसा वागतो, हे त्यांनी आधी पाहिलं. मेइरींची ही वाट पुढच्या सगळ्यांनी धरली असती तर या लेखाची गरज पडली नसती.

ती सगळ्यांनी धरली नाही, हे २००४ साली जगाला दिसलं. कर्मठ ज्यू विवाहित स्त्रिया केस झाकतात. त्यांतल्या अनेकजणी खऱ्या केसांचे टोप वापरतात. त्या वर्षी मे महिन्यात जेरुसलेमचे वयोवृद्ध धर्मशास्त्री योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला, की भारतातून, म्हणजे मुख्यतः तिरुपतीहून, आलेल्या केसांचे टोप वापरू नयेत, कारण ते केस मूर्तीला अर्पण झालेले आहेत. त्याआधी लंडनहून एका धर्मपंडिताला तिरुपतीला पाठवून केशवपनाची चौकशी करवली होती. निर्णयानंतर ब्रुकलिनमध्ये आणि इस्राएलमध्ये महागडे टोप रस्त्यात जाळले गेले. आपला धर्म काटेकोर पाळण्याचा त्या स्त्रियांचा हक्क मी पूर्ण मानतो. कुणी काय डोक्यावर घालावं हा त्यांचा प्रश्न. मला टोचलं ते वेगळं. मूल बरं व्हावं म्हणून नवस बोललेली, तो फेडायला दोन दिवस गाडीतून आलेली आणि भरघोस केस उतरवून देणारी बाई त्या सगळ्या चर्चेत ‘मूर्तिपूजक’ या एका शब्दापलीकडे कुठे उरली नव्हती. सगळ्या मानवजातीला कवेत घेणाऱ्या विचाराला एवढ्या माणसांकडे नीट पाहण्याइतकी सवड असायला हवी होती.

आणि ती सवड ज्यूंनीच एका ठिकाणी घेतलेली आहे. कोकणात, आपल्या मराठीत. रायगडच्या गावांतून शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएल तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवारतेली म्हटलं. त्यांच्या चहूबाजूंना देवळं होती, जत्रा होत्या, पालख्या होत्या. शेजाऱ्याने मूर्ती टाकावी असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि शेजाऱ्याने त्यांच्या शनिवारात ढवळाढवळ केली नाही. १८८० च्या सुमारास तर त्यांनी मुंबईत कीर्तन मंडळ काढलं. विठ्ठलापुढे घडलेला कीर्तनाचा साज, तोच पूर्वरंग-उत्तररंग, तीच साकी-दिंडी, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं. नोहाच्या नियमांचा ग्रंथातला अर्थ काय, यावर या लोकांनी ग्रंथ लिहिले नाहीत. पण मूर्तिपूजकांच्या मधोमध निष्ठेने एकेश्वरी राहूनही शेजाऱ्यासोबत कसं नांदावं, हे त्यांनी करून दाखवलं. पुढे इस्राएलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली. जेरुसलेममध्ये निदर्शनं करून, १९६४ मध्ये संसदेला बाजू घ्यायला लावून त्यांना आपला मान परत मिळवावा लागला. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवण्याचा अधिकार एका पीठाकडे गेला की काय होतं, ते या मराठी ज्यूंनी सोसलेलं आहे.

अधिकाराचा हा मुद्दा आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. १९८० च्या दशकापासून ब्रुकलिनचे लुबाविचर रेबे, म्हणजे हसिदी ज्यूंच्या एका पंथाचे गुरू, मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी सात नियम बिगरज्यूंपर्यंत पोचवण्याची मोहीम उघडली. हेतू चांगला होता. रेबेंच्या आयुष्यातली शिक्षणाची आणि माणसांची कळकळ मी मानतो. पण १९९१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांच्या सन्मानार्थ शिक्षण दिनाचा ठराव केला आणि त्यात लिहिलं, की ज्या नैतिक मूल्यांवर हे राष्ट्र उभं आहे ती संस्कृतीच्या पहाटेपासून नोहाचे सात नियम म्हणून ओळखली जातात. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यावर सही केली. ठरावात यादी दिलेली नाही, त्याने कुणावर काही बंधन येत नाही. तरी मला तो चुकीचा वाटतो. यादी न वाचता तिला राष्ट्राचा पाया म्हणायचं, आणि त्या यादीत तिसऱ्या कलमाला न्यू जर्सीतल्या आपल्या घरी गणपती मांडणारं मराठी कुटुंब दोषी ठरायचं, हे कुठल्याही लोकशाही सभागृहाला शोभत नाही. सातांतले दोन नियम, मूर्तिपूजेचा आणि ईशनिंदेचा, माणूस आणि त्याचा देव यांच्यामधले आहेत. तिथे संसदेने, न्यायालयाने, पोलिसाने पाऊल टाकू नये.

याच ठरावावरून इंटरनेटवर एक गलिच्छ कथा फिरते, की ज्यू लोक या नियमांच्या आधारे एक दिवस ख्रिस्त्यांचा शिरच्छेद करणार आहेत. ही कथा खोटी आहे आणि ज्यूद्वेषातून जन्मलेली आहे. तो शिरच्छेद करणारी न्यायसभा अस्तित्वात नाही, आणि सात नियमांचा प्रसार करणारे लोक पत्रकं आणि पुस्तकं वाटतात, तलवारी नाही. हा द्वेष जुना आहे. १८८८ मध्ये जर्मनीत मारबुर्गच्या न्यायालयापुढे एक खटला आला. तालमूदची नीती ज्यूंपुरतीच आहे, परक्याला लुटायला-फसवायला ती मोकळीक देते, असं एका शाळाशिक्षकाने म्हटलं होतं. तेव्हा तत्त्वज्ञ हेर्मान कोहेन साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी नोहाच्या नियमांचाच दाखला दिला, की ज्या धर्माने परक्याला आपल्या धर्मात न आणताही नैतिक माणूस मानलं त्याच्यावर हा आरोप टिकत नाही. कोहेन बरोबर होते. माझी टीका मी त्यांच्या बाजूला उभा राहून करतो आहे, त्या शिक्षकाच्या नव्हे.

कुणी म्हणेल, मूर्तिपूजेला नकार देणारा विचार मग सार्वत्रिक होऊच शकत नाही का? होऊ शकतो. महात्मा फुल्यांनी मूर्तिपूजेवर जेवढे कोरडे ओढले तेवढे थोड्यांनी ओढले असतील. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म’ या पुस्तकात एकच निर्मिक आहे आणि सगळी माणसं त्याची लेकरं आहेत. हा विचार नोहाच्या कराराच्या अगदी जवळचा आहे. पण त्याच पुस्तकात फुले एक घर कल्पितात, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका छताखाली राहतात. फुल्यांनी स्वतःचं मत सोडलं नाही. ते दुसऱ्यावर शिक्षेच्या धाकाने लादलं नाही, एवढंच. टीका करण्याचा अधिकार आणि दंड देण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सात नियमांची चर्चा करताना त्या नेहमी एकत्र मिसळल्या जातात.

२००७ साली दिल्लीत आणि २००८ साली जेरुसलेममध्ये हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदा झाल्या. आपल्याकडून आर्ष विद्या गुरुकुलाचे स्वामी दयानंद सरस्वती (आर्य समाजाचे संस्थापक वेगळे) होते, इस्राएलकडून तिथले मुख्य राब्बी योना मेट्झगर. जेरुसलेमच्या संयुक्त निवेदनात म्हटलं, की हिंदू त्या एकाच परमेश्वराला सगुण-निर्गुण रूपांत भजतात. ते अनेक ‘देव’ आणि ‘मूर्ती’ पूजतात असं समजू नये. पुष्कळांनी याचं स्वागत केलं. द्वेषाच्या काळात दोन प्राचीन समाज एका टेबलाशी बसले, हे चांगलंच झालं.

पण त्या वाक्याच्या आधाराने मिळणारी मान्यता मला पुरेशी वाटत नाही. त्यात असं गृहीत धरलेलं आहे, की आधी आपण मूर्तिपूजक नाही हे सिद्ध करायचं आणि मग नोहाच्या लेकरांत बसायचं. वेदान्त जाणणारे स्वामी हे सिद्ध करू शकतात. पण बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडणारा शेतकरी काय सिद्ध करणार, आणि त्याने का करावं? तो चोरी करत नाही, खोटी साक्ष देत नाही, मजुराचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते करतो, बैल म्हातारा झाला तरी कसायाला विकायला त्याचं मन धजत नाही. मेइरींच्या कसोटीला तो उतरतो. राब्बी एलिएझरनी आपले शिष्य अश्कलोनला पाठवले, तेव्हा दामा त्या दगडाला काय समजतो याची त्यांनी आधी चौकशी केली नव्हती. पुढच्या वेळी हिंदू आणि ज्यू धर्मनेते भेटतील तेव्हा आपल्या बाजूच्या लोकांनी आपल्या देवघराचं तात्त्विक समर्थन देत बसण्याऐवजी हा दामा बेन नतिना टेबलावर मांडावा, आणि न्यायालयाच्या नियमावर बोलणं सुरू करावं. मजुरी, उसनवारी, एका साक्षीदाराची साक्ष, दुबळ्याला दाद मागायची जागा, या गोष्टींवर दोन्हीकडच्या परंपरांकडे बोलायला पुष्कळ आहे, आणि दोन्हीकडे झाकून ठेवलेलंही पुष्कळ आहे.